येशू देव की माणूस? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या अनेक मराठी चर्चमध्ये उपासनेच्या वेळी मंडळी उभी राहून नायसियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली, म्हणतात. त्यात येशूबद्दल दोन गोष्टी एका दमात येतात. तो खऱ्या देवापासून खरा देव आहे. आणि तो मरियेच्या पोटी जन्मून माणूस झाला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर खिळला गेला. लहानपणापासून पाठ असल्यामुळे या ओळींमागचा सव्वाशे वर्षांचा झगडा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव ठरवले, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. तो खरा नाही. वधस्तंभानंतर तीसेक वर्षांतच प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्रात लिहिले होते की, देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्यानेही सम्राटाला कळवले होते की, हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. देवपणाची श्रद्धा नायसियाच्या कितीतरी आधीची आहे.

उलट सुरुवातीला अडचण आली ती माणूसपणाची. देव थकेल कसा, रडेल कसा, मरेल कसा? म्हणून काहींनी येशूचे शरीर हा नुसता भास ठरवला. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियसने त्यांना ठणकावून सांगितले की, तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्याला, खरोखर मेला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू प्रवासाने दमून विहिरीवर बसतो आणि लाजराच्या कबरेशी रडतो. देव देहधारी झाला असे सांगणाऱ्या त्याच पुस्तकात हे प्रसंग आहेत. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे. दोन्ही बाजू पहिल्यापासून एकत्र होत्या. प्रश्न एवढाच होता की त्या एकत्र मांडायच्या कशा.

चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या एरियस या धर्मगुरूने शिकवले की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे, पण तो अनादी नाही. ३२५ साली नायसियात, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या इझनिकमध्ये, सुमारे तीनशे बिशप जमले. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे दोघांचे देवपण एकच आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. एरियसच्या बाजूने शेवटपर्यंत दोनच बिशप उभे राहिले. पण वाद मिटला नाही. कॉन्स्टंटाइनने पुढे एरियसला परत बोलावले, आणि मरणापूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला तोही एरियसच्या पाठीराख्या बिशपच्या हातून. नायसियाची बाजू लढवणारा अथानासियस मात्र पाच वेळा हद्दपार झाला. राजाने लादलेले मत असते, तर हे घडलेच नसते. अथानासियसचा आग्रह तारणासाठी, म्हणजे माणसाच्या उद्धारासाठी, होता. पुत्र स्वतःच निर्मिलेला असेल, तर तो माणसाला देवाशी जोडणार कसा?

हाच प्रश्न दीड हजार वर्षांनी एका मराठी बाईने नव्याने विचारला. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण येशूचे देवपण आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्यांना पटेना. तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्च सांगते म्हणून मानणार नाही, बायबलमध्ये आधार दाखवा, हा त्यांचा बाणा होता. पुरोहितांचे एक जोखड उतरवून आल्यावर दुसरे मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना वळवण्यात मोठा वाटा होता तो नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांचा. काशीत वाढलेले हे शास्त्री शास्त्राच्या भाषेतच वाद घालत. गोऱ्यांचा संबंध असलेले पंचहौद मिशन पुणेकरांना १८९० च्या चहा प्रकरणामुळे, म्हणजे तिथे चहा घेतल्यावरून टिळक-रानडे आदींवर उठलेल्या गदारोळामुळे, आठवते, पण तिथे याहून खोल चर्चाही होत होत्या. रमाबाईंची शंका मला अनादर वाटत नाही. ज्या गोष्टीवर जीव ओवाळायचा, ती तपासून घेण्याचा त्यांना हक्क होता.

नायसियानंतर प्रश्न उलटला. येशू देव असेल, तर त्याचे माणूसपण कितपत पुरे? त्याला मानवी मन नव्हते, असे अपोलिनारियस म्हणाला. नाझियांझसच्या ग्रेगरीने उत्तर दिले की, जे त्याने धारण केले नाही ते बरेही झाले नाही. मन आजारी असेल, तर मनही त्याने घ्यायला हवे. अखेर ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेत, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या कादिकोयमध्ये, ठरले की ख्रिस्त एकच व्यक्ती आणि त्याचे स्वभाव, म्हणजे मूळ स्वरूपे, दोन: एक देवाचे, एक माणसाचे. त्यांची सरमिसळ नाही, त्यांत बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. चारही नकार. ते कसे जुळते याचे स्पष्टीकरण परिषदेने दिले नाही, फक्त कुंपण घातले.

त्यातून फूटही पडली. इजिप्त, आर्मेनिया आणि सिरियातल्या चर्चना ही भाषा येशूचे दोन तुकडे करणारी वाटली. पुण्यातल्या मल्याळी ऑर्थोडॉक्स मंडळ्या त्याच सिरियन परंपरेतल्या. ती दरी हल्ली कमी झाली आहे. १९७३ साली पोप पॉल सहावे आणि इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे पोप शेनूदा तिसरे यांनी, तर १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) झक्का यांनी संयुक्त निवेदने काढली. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, यावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.