पेटंटचं साल म्हणजे कॅमेऱ्याचं साल नव्हे

परभणीकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत पेटीच्या तळाशी कधी आजोबांचा घडीचा कोडॅक कॅमेरा निघतो. आत पेटंटच्या तारखा असतात. पहिली १९०२ची दिसली की घरभर तेच साल सांगितलं जातं. हे चूक आहे. त्या तारखा शोधांच्या. कॅमेरा त्यांतल्या शेवटच्या तारखेच्याही नंतरचा.

पाठीमागे बारीकशी झडप आणि धातूची लेखणी आहे का, बघा. असेल तर तो ऑटोग्राफिक, म्हणजे १९१४च्या आधीचा नाहीच. झडप उघडून त्या लेखणीनं फिल्मच्या पाठच्या कागदावर गाव, तारीख लिहायचे, ते फिल्मवर उमटायचं. किती सुंदर सोय! कॅमेरा ‘६२०’ मापाच्या फिल्मचा असेल, तर १९३० नंतरचा. निजामाच्या राजवटीतला तरीही असू शकतो, ती १९४८पर्यंत होतीच. लेन्समागचा घड्यांचा भाता मात्र ओढून उघडू नका, घड्यांवर चामडं फाटतं.