टिग वेल्डिंग : आर्क पेटवण्याच्या पद्धती

टिग (टंगस्टन इनर्ट गॅस) वेल्डिंगमध्ये टंगस्टनचा न वितळणारा इलेक्ट्रोड आणि जॉब (जोडायचा धातूचा तुकडा) यांच्यातल्या दोन-तीन मिलिमीटर फटीत, आर्गन वायूच्या आवरणाखाली, विद्युत आर्क जळत असतो. तो सुरू करण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत : टंगस्टन जॉबवर घासून, टेकवून-उचलून आणि जॉबला न शिवता उच्च वारंवारतेच्या ठिणगीने. कारखान्यात त्यांना अनुक्रमे स्क्रॅच, लिफ्ट आणि एचएफ म्हणतात. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, भोसरी-चिंचवडपासून चाकण-रांजणगावपर्यंत, या वेल्डिंगचे नावच ‘आर्गन’ पडले आहे आणि तिन्ही पद्धती तिथे शेजारशेजारच्या गाळ्यांत चालू असतात. कोणती वापरायची हे बहुतेक ठिकाणी मशीनची किंमत ठरवते. खरे तर ते धातूने आणि सांध्याच्या तपासणीने ठरायला हवे.

पहिल्या क्षणाची अडचण

आर्गन थंड असताना वीज वाहून नेत नाही. त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. वेल्डिंग मशीन नुसते चालू असताना टॉर्चवर, म्हणजे टंगस्टन धरणाऱ्या हत्यारावर, साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हवेतली एक मिलिमीटर फट फोडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. आर्गनमध्ये त्याहून कमी पुरतात, पण ८० व्होल्टचे तिथे काही चालत नाही. एकदा आर्क लागला की मात्र तो १० ते १५ व्होल्टवरही आरामात जळत राहतो, कारण तोवर टंगस्टनचे टोक तापून स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागलेले असते आणि मधला वायू आयनित झालेला असतो. म्हणजे प्रश्न फक्त सुरुवातीचा, टोक आणि वायू दोन्ही थंड असतानाचा. घासण्याच्या आणि उचलण्याच्या पद्धती टोक तापवून तो सोडवतात, एचएफ वायूच फोडते.

१९४१ साली अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही प्रक्रिया विकसित केली, तेव्हा वायू हेलियम होता. ‘हेलिआर्क’ हे जुने व्यापारी नाव त्यावरूनच आले. हेलियमला आयनित व्हायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, त्यामुळे त्यात आर्क पेटवणे आणखी कटकटीचे. आजही आर्गन-हेलियम मिश्रण वापरणारे अनेकदा आधी आर्गनवर आर्क लावून घेतात.

घासून पेटवणे

आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये, मग ते औंधचे असो की दुसरीकडचे, विद्यार्थ्याचा हात आधी रॉडवर, म्हणजे स्वतः वितळणाऱ्या इलेक्ट्रोडच्या वेल्डिंगवर, बसतो. रॉड काडेपेटीवर काडी ओढावी तसा ओढायचा, हे मनगटात पक्के होते आणि टिगचा टॉर्च हाती आला की तीच सवय वर येते. रॉडच्या बाबतीत ते ठीकच असते, कारण त्याचे टोक वितळून सांध्यातच जायचे असते. टंगस्टनचा एक कणही सांध्यात जायला नको असतो. टिगमधल्या निम्म्या सुरुवाती बिघडतात त्या या फरकामुळे.

या पद्धतीला साधे डीसी मशीन पुरते. पुष्कळदा ते रॉडचेच इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन) असते. टॉर्च ऋण टोकाला, अर्थ क्लॅम्प (जॉबला लावायचा चिमटा) धन टोकाला आणि वायूचा वाल्व्ह टॉर्चच्या मुठीवर. मुरलेला कारागीर टॉर्च अधांतरी धरून घासत नाही. तो आधी अंगठ्याने वाल्व्ह उघडतो, वायू सोडणाऱ्या सिरॅमिक नोझलची कड सांध्याच्या खाचेच्या काठावर टेकवतो आणि टॉर्च कलता ठेवतो. मग मनगट किंचित वळवून टोक खाली आणतो, ते धातूला लागते न लागते तोच मनगट उलट फिरवतो. नोझल या सगळ्यात जागची हलत नाही. त्यामुळे फट हाताच्या थरथरीवर अवलंबून राहत नाही, नोझलच्या कडेवर तोलली जाते.

दोष असा, की टोक टेकताच मशीनवर लावलेला पूर्ण करंट त्यातून जातो. टोक चिकटते, ओढताना तुटते आणि तुकडा सांध्यात राहतो. टंगस्टनची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, पोलादाची ७.८५ च्या आसपास. म्हणून एक्स-रे फिल्मवर हवेचे बुडबुडे काळे दिसतात, तर टंगस्टनचा कण पांढरा ठिपका होऊन चमकतो. इन्स्पेक्टरपुढे तो लपवता येत नाही. बॉयलरच्या पाइपांना रूट रन (सांध्याच्या तळाचा पहिला थर) टिगने आणि वरचे थर रॉडने, अशी पद्धत सर्रास असते. तिथे रूटमधला ठिपका काढायचा म्हणजे वरचे सगळे थर ग्राइंड करून पुन्हा भरणे आले.

खाचेबाहेर घासल्याचा डाग हाही दोषच धरला जातो. तिथला धातू क्षणात वितळतो आणि आजूबाजूच्या थंड धातूमुळे क्षणात गोठतो. कडक होणाऱ्या पोलादात अशा ठिकाणी बारीक तडे जाऊ शकतात. म्हणून सुरुवात नेहमी खाचेच्या आत, जो भाग पुढे वितळणारच आहे तिथे करतात.

काही जण जॉबशेजारी तांब्याची पट्टी ठेवून तिच्यावर आर्क लावतात, टोक गरम करून घेतात आणि मग जॉबवर येतात. युक्ती चांगली आहे, कारण गरम टंगस्टन लगेच पेटतो. मात्र स्टेनलेस स्टीलवर तांबे वितळून गेले तर तडे जाण्याचा धोका असतो, तेव्हा पट्टी वितळू देता कामा नये. कार्बनच्या ठोकळ्यावर घासण्याची सवय त्याहून वाईट. कार्बन टंगस्टनच्या टोकात जातो आणि आर्क भरकटू लागतो.

एवढे असूनही ही पद्धत टिकून आहे आणि त्याला कारण आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत गाळप हंगाम संपला की दुरुस्त्या निघतात. परांचीवर उभे राहून, लांब केबल ओढून पाइप जोडायचे तिथे हलके, साधे मशीन आणि टॉर्चवरचा वाल्व्ह हेच सोयीचे पडते. साइटवर बंद पडू शकणाऱ्या गोष्टी जितक्या कमी तितके बरे.

लिफ्ट

लिफ्टमध्ये टंगस्टन टेकवायचाच असतो, घासायचा मात्र नसतो. टोक जॉबला लागले की मशीनला शॉर्ट झाल्याचे कळते आणि ते करंट अगदी थोडा, बहुधा काही अँपिअरांपुरता, ठेवते. टोक तेवढ्याने तापते, चिकटत नाही. टॉर्च मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर उचलला की व्होल्टेज चढते, त्यावरून आर्क लागल्याचे मशीन ओळखते आणि करंट ठरवलेल्या आकड्यापर्यंत नेते. झटक्याने उचलले तर आर्क तुटतो. फार वेळ दाबून धरले तरी उपयोग नसतो. टोकाची एक बाजू टेकवून टॉर्च हळूच सरळ करणे सर्वांत जमते.

लहान आणि मध्यम फॅब्रिकेटरसाठी हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डेअरीच्या आणि औषध कारखान्यांच्या स्टेनलेस पाइपिंगला टंगस्टनचा कण चालत नाही, पण प्रत्येक गाळ्यात एचएफ मशीन ठेवायची गरजही नसते. ज्या मशीनवर लिफ्टची सोय आहे तिथेही जुनी सवय म्हणून घासत बसलेले कारागीर दिसतात, हे मात्र खरे.

एचएफ आणि ॲल्युमिनियम

उच्च वारंवारतेच्या पद्धतीत टोक जॉबपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरून बटण दाबायचे. आधी वायू सुटतो, मग काही हजार व्होल्टची, लाखो हर्ट्‌झ वारंवारतेची ठिणगी फट ओलांडते. तिने केलेल्या आयनित वाटेने मशीनचा मुख्य करंट वाहू लागतो. जुन्या मशीनमध्ये ही ठिणगी स्पार्क-गॅपच्या दोन पॉइंटांमध्ये तयार होते. पॉइंट काळे पडले किंवा त्यांच्यातले अंतर वाढले की ठिणगी लंगडी होते. पॉलिश पेपरने पॉइंट साफ करून फीलर गेजने (अंतर मोजायच्या पात्यांनी) अंतर लावणे हे महिन्या-दोन महिन्यांचे काम. नव्या इन्व्हर्टरमध्ये ठिणगी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तयार होते. सुरू होताच टोक क्षणभर धन करून ते तापवून घेण्याची सोयही पुष्कळ मशीनमध्ये असते.

ॲल्युमिनियमला एचएफ जवळजवळ अनिवार्य आहे. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात न मिळणारे जुन्या दुचाकीचे क्रँककेस फुटले, की ते आर्गनवाल्याकडे येते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरची ऑक्साइडची साय २,०७२ अंशांना. ती फोडण्यासाठी एसी करंट लागतो. एसी दर सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो आणि प्रत्येक वेळी आर्क विझायला बघतो. त्यातही ॲल्युमिनियम ऋण असण्याच्या अर्ध्या फेऱ्यात तो पुन्हा लागायला जास्त कुरकुर करतो, कारण तापलेल्या टंगस्टनसारखे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियम सोडत नाही. म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर ॲल्युमिनियम करताना एचएफ शेवटपर्यंत चालू ठेवावी लागे. चौकोनी लहरींची इन्व्हर्टर मशीन शून्य इतक्या झटकन ओलांडतात, की एचएफ फक्त सुरुवातीला पुरते. टंगस्टन ॲल्युमिनियमला टेकवून सुरू करायला गेले तर साय आड येते आणि टोकाला ॲल्युमिनियम लागते. मग टोक मोडून नवे काढल्याशिवाय आर्क स्थिर होत नाही.

या ठिणगीचा उपद्रवही आहे. ती म्हणजे एक लहानसा रेडिओ ट्रान्समीटरच असतो. एकाच शेडमध्ये सीएनसी (संगणकाने चालणारे) मशीन आणि टिग असेल तर डिस्प्ले भलतेच आकडे दाखवतो, सेन्सर चुकीचे सिग्नल देतात. केबल आखूड ठेवणे, तिची वेटोळी न करणे आणि अर्थिंग नीट करणे हे त्यावरचे उपाय. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचा (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा) कनेक्टर आधी काढतात. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने या मशीनजवळ थांबू नये. पावसाळ्यात हातमोजे ओले असले तर ठिणगी बोटाला चटका देते, आणि टॉर्चचे इन्सुलेशन तडकलेले असेल तर ती जॉबवर पडण्याऐवजी मुठीतच फुटते.

टोक, वायू आणि अर्थ

आर्क लागत नाही म्हटले की बोट मशीनकडे जाते. दोष बहुतेक वेळा टॉर्चच्या टोकाशी असतो. टंगस्टन लांबीच्या दिशेने घासून टोक काढायचे असते. आडवे घासले तर गोल रेघा उमटतात आणि आर्क त्या रेघांवर घुटमळतो. जाड टंगस्टन आणि कमी करंट ही जोडी तर हमखास फसते : २.४ मिलिमीटरचा टंगस्टन १५ अँपिअरवर तापतच नाही, तिथे १.६ किंवा १ मिलिमीटरचा हवा.

टंगस्टनमधल्या ऑक्साइडने इलेक्ट्रॉन सोडणे सोपे होते. लाल पट्ट्याचा, २ टक्के थोरियमचा टंगस्टन सुरुवातीला उत्तम, पण थोरियम किरणोत्सारी आहे आणि ग्राइंडरवरची त्याची धूळ श्वासात जाऊ नये. निळ्या पट्ट्याचा २ टक्के लँथॅनमचा टंगस्टन तितकाच चटकन पेटतो आणि एसी-डीसी दोन्हींना चालतो. तरीही लाल मागायची सवय सुटत नाही.

भोसरी-पिंपरी भागातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी सकाळचा पहिला आर्क टंगस्टन काळानिळा करून सोडतो तो बंद पाइपात शिरलेल्या हवेमुळे. काही सेकंद वायू नुसता सोडून मग सुरुवात केली की तक्रार मिटते. आर्गनचा प्रवाह मिनिटाला साधारण ८ ते १२ लिटर असावा. जास्त सोडला तर तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. रंग किंवा गंज असलेल्या जागी लावलेला अर्थ क्लॅम्प हेही न पेटण्याचे नेहमीचे कारण आहे. क्लॅम्प बसतो तेवढी जागा ग्राइंडरने चकचकीत करून घ्यावी लागते.

स्वयंचलित वेल्डिंगमध्ये काही ठिकाणी चौथी वाट असते. टॉर्चमध्येच टंगस्टन आणि नोझल यांच्यामध्ये काही अँपिअरांचा छोटा पायलट आर्क सतत जळत ठेवतात. एचएफ त्याला एकदाच, कामाच्या आरंभी लागते. पुढचा प्रत्येक मुख्य आर्क त्या आयनित वायूतून लागतो, त्यामुळे शेजारच्या नियंत्रण यंत्रणेला वारंवार त्रास होत नाही.