पो नदीतलं कोकेन

उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात सुमारे ५० लाख माणसांचं सांडपाणी नदीला मिळतं. २००५ साली मिलानच्या मारियो नेग्री संस्थेतल्या एत्तोरे झुक्कातो आणि सहकाऱ्यांनी ते पाणी तपासून हिशेब मांडला: नदीतून रोज जवळपास ४ किलो कोकेनचा माग वाहतोय. १०० मिलिग्रॅमचा एक डोस धरला, तर रोजचे ४० हजार डोस. लोकांना विचारून काढलेल्या सरकारी आकडेवारीनुसार मात्र महिन्यातून एकदा तरी कोकेन घेणारे जेमतेम १५ हजारच होते. नशेबद्दल विचारलं की माणसं हातचं राखूनच सांगणार.

शास्त्रज्ञ शोधतात ते मुख्यतः बेन्झॉइलएक्गोनिन. शरीरात कोकेनचं विघटन होऊन ते तयार होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे कोकेन कुणाच्या तरी अंगातून गेलंय, याचीच ती खूण. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र चोवीस तास थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी उपसून थंड बाटलीत साठवतं. प्रयोगशाळेत लिटरमागे किती अंश सापडला ते मोजायचं, त्याला दिवसभराच्या प्रवाहाने गुणायचं, मग लोकसंख्येने भागायचं. पावसाने पाणी पातळ झालं तरी प्रवाह तेवढाच वाढलेला असतो, म्हणून हिशेब फारसा बिघडत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहराची गोष्ट. २०११ मध्ये तिथल्या सांडपाण्यात एमडीएमए, म्हणजे ‘एक्स्टसी’ नावाने विकलं जाणारं नशेचं रसायन, अचानक भरमसाट सापडलं. एवढी नशा कुणी केली? या रेणूची डावी-उजवी अशी दोन रूपं असतात. कारखान्यात दोन्ही सारखी बनतात, पण शरीर त्यातलं एक लवकर पचवतं, त्यामुळे लघवीत दुसरं जास्त उरतं. इथे दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखं होतं. माल कुणाच्या पोटात गेलाच नव्हता, थेट गटारात ओतला होता! त्याच सुमारास पोलिसांनी तिथल्या एका बेकायदा कारखान्यावर धाड घातली होती.

घेणारे नेमके किती, हे मात्र या पद्धतीने कळत नाही. दहा जणांनी एकेकदा घेतलं काय, एकाने दहादा घेतलं काय, गटारात आकडा एकच. शहरभराच्या पाण्यात कुणा एकाचं नाव उरत नाही, हे मला मोलाचं वाटतं. एखाद्या वसतिगृहाचं गटार तपासायला घेतलं, तर हा निनावीपणा टिकणार नाही, म्हणून तिथे आधी परवानगीचा विचार हवा.

मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जातोय, म्हणजे नमुने घेण्याची ही वाट आपल्याला नवी नाही. अडचण आहे ती सेप्टिक टँकची. जिथे घराघरातलं मैलापाणी टाकीतच जिरतं, तिथे बाटली लावायची कुठे?