बर्फाळ चंद्राकडे निघालेली नावं

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्लोरिडाहून गुरूच्या युरोपा या चंद्राकडे नासाचं ‘युरोपा क्लिपर’ यान निघालं, तेव्हा त्याच्यावर टॅन्टलम धातूचा एक पातळ पत्रा बसवलेला होता. यानातली नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गुरूच्या किरणोत्सर्गापासून वाचावी म्हणून ती जाड भिंतींच्या तिजोरीत ठेवली आहे, आणि त्या तिजोरीचं एक तोंड हा पत्रा बंद करतो. त्याच्यावर लहानशा नाण्याएवढी सिलिकॉनची चकती आहे. तिच्यावर २६ लाखांहून जास्त माणसांची नावं इलेक्ट्रॉनच्या झोताने कोरली आहेत. अक्षरांच्या रेघा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक आहेत. शेजारी अमेरिकेच्या तेव्हाच्या राजकवयित्री आडा लिमोन यांची कविता त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. बाहेरच्या अंगाला ‘पाणी’ या अर्थाच्या १०३ भाषांतल्या शब्दांच्या ध्वनिलहरींची नक्षी आहे.

ज्या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र असावा असं मानलं जातं, तिकडे निघालेल्या यानावर पाण्यासाठीचे शब्द असणं मला फार मोलाचं वाटतं. पण त्याहून जास्त मन रेंगाळतं ते ३५ वर्षांच्या अंतरावर. ऑक्टोबर १९८९ मध्ये याच किनाऱ्यावरून युरोपाची पाहणी करणारं आधीचं यान निघायचं होतं आणि ते थांबवावं म्हणून लोक कोर्टात गेले होते. त्या दाव्यापासून या नावांपर्यंत लोकभावना कशी आली, ते पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

युरोपा तसा जुना ओळखीचा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र दुर्बिणीतून पाहिले, त्यांपैकी हा एक. पण पुढची साडेतीनशे वर्षं तो प्रकाशाचा ठिपकाच राहिला. १९७९ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानं गुरूजवळून गेली. जुलैमध्ये व्हॉयेजर-२ ने जवळून टिपलेल्या छायाचित्रांत एक गुळगुळीत पांढरा गोळा दिसला. त्यावर तडकलेल्या काचेसारख्या तपकिरी रेघांचं जाळं होतं आणि खड्डे जवळजवळ नव्हते. खड्डे नाहीत म्हणजे पृष्ठभाग वयाने तरुण, आणि तरुण म्हणजे खाली काहीतरी हलतं आहे. बर्फाखालच्या समुद्राचा विचार इथून पक्का होत गेला.

व्हॉयेजरवर परक्या जिवांसाठी ठेवलेल्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठीही आहे. ‘नमस्कार’ म्हणून पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा देणारा तो छोटा संदेश आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे पोचला आहे. सोबत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ही तबकडी मात्र खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी भरली होती. तिच्यात काय असावं हे लोकांना कुणी विचारलं नव्हतं. व्हॉयेजरला वीज पुरवणारं प्लुटोनियमही त्या वेळी फारसं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

ते आलं पुढच्या दशकात, आणि त्यामागे ठोस कारणं होती.

गुरूपाशी आणि त्यापलीकडे सूर्यप्रकाश फार क्षीण असतो, म्हणून त्या काळची यानं प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर वीज तयार करत. ही अणुभट्टी नव्हे. तिच्यात साखळी प्रक्रिया होत नाही आणि ती बॉम्बसारखी फुटत नाही. या प्लुटोनियमचे अल्फा कण कागदानेही अडतात. पण त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली तर ती घातक ठरते. आणि अशी धूळ एकदा हवेत मिसळलीही होती. एप्रिल १९६४ मध्ये एक अमेरिकी उपग्रह कक्षेत पोचू शकला नाही आणि त्याच्यावरचं सुमारे १ किलो प्लुटोनियम उंच वातावरणात जळून विखुरलं. त्यानंतर अभियंत्यांनी धोरणच बदललं. इंधन जळून विरावं असं नव्हे, तर ते अखंड खाली यावं अशी त्याची वेष्टनं करायची, असं ठरलं. १९७० मध्ये अपोलो-१३ च्या चांद्रयानासोबतचा असा ऊर्जास्रोत पॅसिफिक महासागरात पडला, तेव्हा गळती आढळली नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडे कोसळला आणि त्याचे किरणोत्सर्गी तुकडे बर्फात शोधावे लागले. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ गुरूजवळून जाऊन महिनाही उलटला नव्हता, तोच पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राची दुर्घटना घडली.

मग १९८६ आलं. २८ जानेवारीला चॅलेंजर हे स्पेस शटल सात जणांसह आकाशात नष्ट झालं. २६ एप्रिलला चेर्नोबिल. गुरू आणि त्याच्या चंद्रांकडे जाणारं ‘गॅलिलिओ’ यान त्याच वर्षी मे महिन्यात स्पेस शटलमधून निघायचं होतं. चॅलेंजरनंतर शटल थांबली आणि शटलच्या पोटातून द्रव इंधनाचं ताकदवान सेंटॉर रॉकेट नेणं धोक्याचं ठरवून रद्द झालं. कमी ताकदीच्या रॉकेटने गुरू गाठायचा तर शुक्राजवळून एकदा आणि पृथ्वीजवळून दोनदा वळसा घेऊन वेग कमवावा लागणार होता. थोडक्यात, सुमारे २२ किलो प्लुटोनियम घेऊन यान शटलमधून उडणार आणि पुढे दोनदा पृथ्वीच्या अंगावरून जाणार. चॅलेंजर टीव्हीवर पाहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल?

शांततावादी आणि पर्यावरणवादी संघटना वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेल्या. मागणी मान्य झाली नाही. न्यायाधीशांनी उड्डाण थांबवायला नकार दिला आणि १८ ऑक्टोबर १९८९ रोजी अटलांटिस शटलमधून गॅलिलिओ निघालं. त्या लोकांना विज्ञानाचे शत्रू म्हणून मोडीत काढणारी भाषा तेव्हाही वापरली गेली, आजही कानावर येते. मला ती अन्यायाची वाटते. नासाचं शक्यतेचं गणित बहुधा बरोबरच होतं. पण चॅलेंजरच्या आधीची नासाची गणितंही शटल सुरक्षित असल्याचं सांगत होती. ज्याच्या डोक्यावरून यान जाणार, त्याने हिशेब मागितला तर तो द्यायलाच हवा.

तो हिशेब पुन्हा मागितला गेला १९९७ मध्ये, आणि हे वर्ष या कथेत मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. त्या एप्रिलमध्ये गॅलिलिओची युरोपाची नवी छायाचित्रं जाहीर झाली. त्यांत बर्फाचे मोठे ठोकळे तुटून, सरकून, फिरून पुन्हा गोठलेले दिसत होते. आर्क्टिकमधला फुटलेला हिमसागर पाहिलेल्याला ते चित्र ओळखीचं वाटावं. समुद्राची कल्पना शास्त्रज्ञांच्या बैठकीतून निघून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. आणि त्याच वर्षीच्या शरदात शनी आणि त्याचा चंद्र टायटन यांच्याकडे निघालेल्या ‘कॅसिनी’ यानाविरुद्ध फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरल प्रक्षेपण केंद्राच्या फाटकाबाहेर शेकडो लोक जमले. कॅसिनीवर सुमारे ३३ किलो प्लुटोनियम होतं. फलक, घोषणा, कुंपणावरून चढणारे निदर्शक, अटका, सगळं झालं. युरोप खंडातही निदर्शनं झाली. काही वैज्ञानिकही विरोधकांच्या बाजूने बोलले. सौरपंख का वापरत नाही, हा त्यांचा मुख्य सवाल होता. शनीपाशी पृथ्वीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा प्रकाश पोचतो, त्यासाठी लागणारे पंख रॉकेटला पेलवणार नाहीत, असं नासाचं उत्तर होतं.

त्याच कॅसिनीच्या अंगावर एक डीव्हीडी होती, आणि तिच्यात ८१ देशांतल्या लोकांच्या ६ लाख १६ हजार ४०० सह्या. लोकांनी त्या पोस्टकार्डांवर करून टपालाने पाठवल्या होत्या. स्वयंसेवकांनी हजारो तास बसून एकेक कार्ड स्कॅन केलं. त्यात लहान मुलांची पहिलीवहिली गिरगटलेली अक्षरं होती, पाळीव कुत्र्या-मांजरांच्या पंजांचे ठसे होते. ज्यांच्या नावाची मोहीम, त्या कॅसिनी आणि हायगेन्स या सतराव्या शतकातल्या खगोलज्ञांच्या सह्याही जुन्या हस्तलिखितांतून घेतल्या होत्या. फाटकाबाहेर यान अडवायला आलेली माणसं आणि यानावर सही पाठवणारी माणसं एकाच काळातली, बरीचशी एकाच देशातली. दोघांनाही ते यान आपलं वाटत होतं. त्याचं भलंबुरं आपल्याला चिकटलेलं आहे, असं मानणाऱ्या या दोन जमाती मला एकमेकींच्या फार जवळच्या वाटतात.

यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी सुखरूप निघालं. १८ ऑगस्ट १९९९ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १,१७० किलोमीटरवरून गेलं आणि तोवर धाकधूक धरून बसलेल्यांचा श्वास मोकळा झाला. पुढे विरोधाची चर्चा विरत गेली.

१४ जानेवारी २००५ ला सह्यांच्या पलीकडचं काहीतरी घडलं. कॅसिनीने सोडलेलं युरोपीय ‘हायगेन्स’ यान पॅराशूटने टायटनवर उतरलं. एका संदेशवाहिनीचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञाच कॅसिनीला द्यायची राहून गेली होती, त्यामुळे निम्मी, म्हणजे सुमारे ३५० छायाचित्रं कायमची गेली. उरलेली कच्ची छायाचित्रं अॅरिझोना विद्यापीठाच्या चमूकडून इंटरनेटवर आली आणि हौशी लोकांनी रातोरात ती एकमेकांना जोडून टायटनची दृश्यं उभी केली. नद्यांसारख्या फांद्या, किनाऱ्यासारखी कड, आणि नंतर उणे १८० अंशांतल्या नारिंगी मैदानावर पसरलेले गोल गोटे, पाण्याच्या बर्फाचे. अधिकृत चित्रं सावकाश, तपासून येत होती. तोवर लोकांची चित्रं जगभर फिरली होती. काहींना ही घाई रुचली नाही. मला त्या रात्रीचा उत्साह आजही हवासा वाटतो. नाव पाठवून वाट पाहणारे लोक त्या रात्री कामाला लागले होते.

दरम्यान काळजीची दिशा उलटी झाली होती. गॅलिलिओच्या चुंबकमापकाने युरोपाखाली वीज वाहून नेणारा थर, बहुधा खारं पाणी, असल्याचा भक्कम पुरावा दिला होता. मग इंधन संपत आलेलं यान भरकटून युरोपावर आदळलं आणि पृथ्वीवरचे जंतू तिथे गेले तर? म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी गॅलिलिओला मुद्दाम गुरूत घालवलं. १९८९ मध्ये त्याच यानापासून पृथ्वीला वाचवा म्हणून लोक कोर्टात गेले होते, आता एका परक्या समुद्राला त्याच्यापासून वाचवलं जात होतं. कॅसिनीचंही तसंच झालं. त्याला २००५ मध्ये एन्सेलॅडस या शनीच्या छोट्या चंद्रातून उडणारी पाण्याची कारंजी सापडली होती. ते चंद्र शुद्ध राहावेत म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी शनीच्या वातावरणात जळून गेलं. जगभर लोकांनी थेट प्रक्षेपण पाहिलं, घरचं माणूस जावं तसे रडले. त्या शेवटच्या प्रवासाच्या नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने केलेल्या मांडणीला पुढच्या वर्षी टीव्ही क्षेत्रातला एमी पुरस्कार मिळाला.

क्लिपरची वाट मात्र पैशाच्या आणि राजकारणाच्या चिखलातून गेली. ह्यूस्टनचे खासदार जॉन कल्बर्सन यांना युरोपाचा ध्यास होता. निधीवाटपाच्या उपसमितीचे अध्यक्ष असताना त्यांनी नासाने मागितल्याहून जास्त पैसे या मोहिमेला दिले आणि यान नासाच्या स्वतःच्या एसएलएस रॉकेटनेच जावं असं कायद्यात लिहून घेतलं. २०१८ च्या निवडणुकीत विरोधी प्रचाराने हाच ध्यास त्यांच्याविरुद्ध वापरला आणि ते हरले. रॉकेटची सक्ती नंतर सुटली, २०२१ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन हेवी रॉकेटचं कंत्राट झालं. मोहिमेचा एकूण खर्च सुमारे ५.२ अब्ज डॉलर. एवढा पैसा लांबच्या बर्फावर कशाला, हा प्रश्न तिकडेही विचारला गेला, जसा आपल्याकडे प्रत्येक चांद्रयानाच्या वेळी विचारला जातो.

एक गोष्ट मात्र या वेळी ऐकू आली नाही, ती म्हणजे प्लुटोनियमची भीती. क्लिपर सौरऊर्जेवर चालतं. त्याचे पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत ३० मीटरहून जास्त. गुरूपाशी पृथ्वीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा प्रकाश असतो, तेवढ्यावर चालता येतं हे २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जूनो’ने दाखवलं. अर्थात नासा सौरऊर्जेकडे वळली ती केवळ लोकमताच्या धाकाने नव्हे. अमेरिकेने १९८८ मध्ये प्लुटोनियम-२३८ तयार करणं थांबवलं होतं आणि साठा आटत होता. पण १९९७ मधल्या फाटकाबाहेरच्या त्या सवालाला एका पिढीनंतर गुरूपुरतं तरी ‘हो, जमतं’ असं उत्तर मिळालं, हेही नोंदवायला हवं. डिसेंबर २०२६ मध्ये क्लिपर वेग घेण्यासाठी पृथ्वीजवळून जाईल, तेव्हा कुणाला धाकधूक धरायचं कारण उरलेलं नाही.

गुरूपाशी ते एप्रिल २०३० मध्ये पोचायचं आहे. मग युरोपाजवळून ४९ फेऱ्या, सगळ्यांत जवळची पृष्ठभागापासून २५ किलोमीटरवर. काम संपल्यावर युरोपाला धक्का लागू नये म्हणून यान शेजारच्या गॅनिमिड या मोठ्या चंद्रावर आदळवायचा बेत आहे. तो पत्रा, ती कविता, १०३ भाषांतलं पाणी आणि ती २६ लाख नावं त्याच्यासोबत तिथल्या बर्फावर जातील.