दैनिक प्रश्नमंजुषा (गोवा)

दैनिक प्रश्नमंजुषा म्हणजे नातेवाईक किंवा मित्रमंडळींच्या गटात रोज ठरलेल्या वेळी टाकलेले सामान्यज्ञानाचे मोजके प्रश्न, मुदतीत आलेली उत्तरे आणि त्यानंतर खुलाशासह जाहीर होणारे बरोबर उत्तर. गोव्यातील मराठी कुटुंबांत ती सहसा व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. घर फोंड्याला, काका मुंबईत, भाची दुबईत आणि एखादा मामेभाऊ जहाजावर, अशा पांगलेल्या घरांना ती सोयीची पडते. बक्षीस नसते. असलेच तर महिनाअखेरीस आजोबांकडून शाबासकी.

प्रश्नमंजुषेची गोडी भारतात घरोघर पोहोचवली ती १९८५च्या सुमारास सिद्धार्थ बसू यांच्या दूरदर्शनवरील कार्यक्रमाने आणि २००० साली सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ने. ‘रोज एकच, सर्वांना तेच’ हा नेम अलीकडचा. २०२१ साली आलेल्या वर्डल या शब्दखेळाने उत्तर न फोडता रंगीत चौकोनांतून निकाल सांगण्याची युक्ती रूढ केली. ती घरगुती गटांनीही उचलली.

प्रश्नांची संख्या आणि वेळ

रोज पाच प्रश्न पुरतात. तिनांत चुरस होत नाही. दहा असले की चौथ्या-पाचव्या दिवशी निम्मी माणसे गळतात. पाचांपैकी दोन गोव्याचे, एक मराठी साहित्य किंवा संगीताचा, एक विज्ञान-भूगोलाचा आणि एक चालू घडामोडींचा, ही वाटणी बहुतेक वयांना मानवते. पहिला प्रश्न शाळकरी मुलालाही यावा इतका सोपा ठेवावा, कारण एक उत्तर आले की माणूस पुढचे वाचतो.

प्रश्नकर्ता आठवड्याने बदलावा. त्याच्याकडे सोमवारपूर्वीच ३५ प्रश्न आणि पाच राखीव तयार असले पाहिजेत. रोजच्या रोज प्रश्न शोधणारा बुधवारपर्यंत थकतो आणि मग फॉरवर्ड आलेली यादी तशीच पुढे ढकलतो. प्रश्नमंजुषा बंद पडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण.

वेळ ठरवताना घड्याळे जुळवावी लागतात. भारतात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा दुबई आणि मस्कतला ७.३०, कुवेतला ६.३०, तर लंडन आणि लिस्बनला उन्हाळ्यात दुपारचे ४.३० आणि हिवाळ्यात ३.३० झालेले असतात. म्हणून प्रश्न रात्री ९ला आणि मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी १पर्यंत, ही रचना चांगली चालते. गोव्यात दुपारी दुकाने मिटतात, जेवणे होतात, आणि निकालावर बोलायला माणसे मोकळी असतात. आधी उत्तर देणाऱ्याला जास्त गुण हा नियम मात्र टाळावा. पावसाळ्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांत वीज आणि रेंज तासन् तास जाते. जहाजावरच्या माणसाला तर दिवसातून एखाद्या वेळीच जोडणी मिळते. वेगाला गुण देणे म्हणजे रेंजला गुण देणे.

उत्तरे गोळा करणे

गटात उघड उत्तरे मागवली की पहिल्या उत्तराची नक्कल होते, आणि ते चुकलेले असेल तर सगळे घर मिळून चुकते. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या पोलमध्येही कोणी काय निवडले ते दिसते आणि मत बदलता येते. त्यामुळे लहान मुले आजीच्या मागे आणि सुना सासऱ्यांच्या मागे मत देताना आढळतात. टेलिग्रामवर जानेवारी २०२०पासून असलेला क्विझ प्रकारचा पोल या बाबतीत उजवा आहे. तिथे एकदा निवडलेले उत्तर बदलत नाही आणि उत्तरासोबत खुलासाही जोडता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपच सोडायचे नसेल तर उत्तरे प्रश्नकर्त्याला खासगीत पाठवावीत: एकाच संदेशात, प्रश्नांच्या क्रमाने. एक खबरदारी मात्र हवी. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. मुदत १ला संपत असेल तर उत्तरे १.२०पूर्वी जाहीर करू नयेत. तोवर शेवटच्या क्षणी आलेल्या संदेशाचीही दुरुस्तीची वेळ संपलेली असते.

गुण साधे असावेत: बरोबर उत्तराला एक, अवघडाला दोन, चुकीला वजाबाकी नाही. तक्ता दर सोमवारी कोरा करावा. महिनाभर बेरीज चालू ठेवली की वरचे दोघे फार पुढे जातात आणि खालच्यांचा उत्साह मावळतो.

प्रश्न घडवणे

खरे कसब इथे लागते. प्रश्नाला एकच उत्तर असले पाहिजे आणि ते प्रश्नाच्या शब्दांतूनच ठरले पाहिजे. गोव्याच्या बाबतीत ‘पहिला’ आणि ‘कधी’ हे दोन शब्द फार फसवतात. ‘गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कोण?’ याचे उत्तर दयानंद बांदोडकर. पण त्यांनी डिसेंबर १९६३मध्ये शपथ घेतली ती गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाचे मुख्यमंत्री म्हणून. ३० मे १९८७ला गोवा देशाचे २५वे राज्य झाले तेव्हा त्या पदावर प्रतापसिंह राणे होते. ‘पणजी राजधानी कधी झाली?’ याचेही तसेच. पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपला मुक्काम १७५९मध्ये पणजीला हलवला, पण राजधानीचा अधिकृत दर्जा आला १८४३मध्ये. प्रश्नात ‘अधिकृतपणे’ हा एक शब्द घातला की भांडण मिटते.

चुकीची गृहीतके धरून बसलेले प्रश्न त्याहून घातक. ‘संपूर्ण गोव्यावर ४५१ वर्षे कोणाचे राज्य होते?’ असा प्रश्न सर्रास फिरतो. १५१० ते १९६१ ही गणती पणजीच्या आसपासच्या तिसवाडी तालुक्यापुरती खरी. बारदेश आणि सासष्टी १५४३मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, तर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे ‘नव्या काबिजादी’तले, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखातले भाग अठराव्या शतकात. लता मंगेशकरांचे जन्मस्थान म्हणून मंगेशी लिहिणारे पुष्कळ असतात. मंगेशी हे दीनानाथांचे गाव, लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९चा, इंदूरचा. तालुक्यांची संख्या जुन्या पुस्तकांत ११ आहे, धारबांदोडा धरून ती १२ होते. राजभाषेच्या प्रश्नात तर अर्धवट उत्तर मुळीच चालवू नये: १९८७च्या कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे, आणि शासकीय कामांसाठी मराठीच्या वापराचीही त्यात तरतूद आहे. दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली तरच गट शांत राहतो.

गावाच्या नावाला तालुका जोडावा. नुसते ‘केरी’ म्हटले तर फोंड्याची, सत्तरीची की पेडण्याची हे कळत नाही. ‘केरी-फोंडा या गावाशी नाते असलेल्या कोणत्या गायिकेचा आवाज १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेला?’ असे विचारले की केसरबाई केरकर हे एकच नाव उरते.

पर्याय देताना चुकीचे पर्यायही खऱ्या घटनांचे असावेत. ‘भारतातला पहिला छापखाना गोव्यात कधी सुरू झाला?’ यापुढे १५१०, १५५६, १६१६ आणि १८४३ ठेवले तर उत्तर १५५६ असले तरी उरलेल्या प्रत्येक सालाला सांगण्याजोगे काही असते; १६१६ हे फादर स्टीफन्स यांच्या मराठी ख्रिस्तपुराणाचे साल.

घरच्या वडीलधाऱ्यांना सर्वांत जास्त बोलते करतात ते देवस्थानांचे प्रश्न. पोर्तुगीज काळात हलवलेल्या देवतांची मूळ आणि आजची ठिकाणे जुळवायला द्यावीत: मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. तरुणांना निम्मे येत नाही, आजीला सगळे येते, आणि शिवाय पालखी, महाजनकी (देवस्थानाच्या कारभाराचा वंशपरंपरागत हक्क), कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारी घराणी) यांची माहिती आपसूक गटात येते. हे एरवी कोणी लिहून ठेवत नाही.

खुलासा

नुसते ‘३-ब’ असे उत्तर टाकणे पुरत नाही. प्रत्येक उत्तराखाली दोन ते चार ओळींचा खुलासा द्यावा. उदाहरणार्थ, १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात ‘दोन पाने’ ही निशाणी कशाची होती, या प्रश्नाला ‘केंद्रशासित राहण्याची’ हे उत्तर झाले. ‘महाराष्ट्रात विलीनीकरणाची निशाणी फूल होती’ हे जोडले की साठीपुढची मंडळी त्या दिवसांतल्या घोषणा आठवू लागतात. खुलाशासाठी किमान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळणी करावी, आणि त्यांतले एक छापील असावे, कारण इंटरनेटवरची दोन पाने पुष्कळदा एकमेकांचीच नक्कल असतात.

हरकत घेण्याची मुदत पुढचे प्रश्न येईपर्यंत. हरकत खरी ठरली तर त्या प्रश्नाचा गुण सर्वांना द्यावा. प्रश्न रद्द केला तर बरोबर उत्तर देणाऱ्यावर अन्याय होतो.

लिपी आणि लेखन

उत्तरे मराठीत, कोकणीत, रोमी लिपीत, कशीही येतात. म्हापसा आणि मापसा, सासष्टी आणि साष्टी, रायतूर आणि राशोल हे सारखेच धरावे. गूगल फॉर्म वापरणाऱ्यांची इथे हटकून अडचण होते. तिथे लिहून दिलेले उत्तर उत्तरसूचीशी अक्षरशः जुळले तरच गुण मिळतो, त्यामुळे सूचीत ‘१९६१’ असेल आणि कोणी इंग्रजी अंकांत साल लिहिले तर ते चूक ठरते. ‘मांडवी’ऐवजी ‘माण्डवी’ लिहिले तरी तीच गत. उपाय दोन: प्रत्येक उत्तराची सर्व रूपे आधीच सूचीत भरावीत, किंवा लिहायचे प्रश्न टाळून पर्याय द्यावेत. गटात साठीपुढची माणसे जास्त असतील तर पर्यायच द्यावेत.