सर्व्हर प्रोग्रामचा प्रारंभ आणि समापन

कोणी वापरकर्ता संगणकासमोर बसलेला नसतानाही पार्श्वभूमीवर चालत राहून नेटवर्कवरून येणाऱ्या विनंत्यांना उत्तरे देणाऱ्या प्रोग्रामला सर्व्हर प्रोग्राम म्हणतात. तो सुरू करण्याच्या व थांबवण्याच्या पद्धती ऑपरेटिंग सिस्टिमनुसार बदलतात. प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची चालती प्रत, निर्माण झाली म्हणजे सर्व्हर सुरू झाला असे होत नाही. कॉन्फिगरेशन वाचून, पोर्ट (विनंत्या जिथे येतात तो क्रमांकित नेटवर्क-मार्ग) ताब्यात घेऊन तो पहिली विनंती स्वीकारण्यास सिद्ध व्हावा लागतो. थांबवणे हे त्याहून नाजूक काम आहे, कारण त्या क्षणी अर्धवट असलेल्या विनंत्या आणि डिस्कवर न उतरलेली माहिती यांचे काय करायचे, हे तेव्हाच ठरवावे लागते.

युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांत कर्नलनंतर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंतर, सुरू होणारी पहिली प्रोसेस, म्हणजे क्रमांक १ ची ‘इनिट’, आरसी नावाची एक शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवी आणि सर्व सेवा, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारे सर्व्हर प्रोग्राम, तीतूनच सुरू होत. पुढे यंत्राच्या अवस्थांना रनलेव्हल हे क्रमांक देण्यात आले आणि प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र स्क्रिप्ट आली. प्रत्येक रनलेव्हलच्या डिरेक्टरीत या स्क्रिप्टच्या लिंक असत : ‘एस’ने आरंभ होणारी लिंक सेवा सुरू करण्यासाठी, ‘के’ने आरंभ होणारी ती थांबवण्यासाठी, आणि त्यापुढील दोन अंक क्रम ठरवण्यासाठी. या मांडणीला सिस्टिम व्ही पद्धत असे नाव रूढ असले, तरी रनलेव्हलची कल्पना १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या सिस्टिम थ्री या युनिक्स आवृत्तीमध्येच आढळते. त्यामुळे तिचे जनकत्व १९८३ च्या सिस्टिम व्हीला देण्यापेक्षा, तिथे ती स्थिरावली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. युनिक्सच्या बीएसडी शाखेने रनलेव्हल स्वीकारले नाहीत. त्या शाखेतील नेटबीएसडीच्या १.५ आवृत्तीपासून (२०००) तिथे स्वतंत्र स्क्रिप्टांचा क्रम अंकांऐवजी परस्परावलंबनावरून लावला जातो.

या पद्धतीतील खरी अडचण सर्व्हरची प्रोसेस ओळखण्याची होती. सर्व्हर स्वतःची प्रत निर्माण करून मूळ प्रोसेस संपवी. पुष्कळदा टर्मिनलशी असलेला संबंध पूर्णपणे तुटावा म्हणून हे दोनदा केले जाई. परिणामी ज्या स्क्रिप्टने त्याला सुरू केले, तिलाच त्याचा प्रोसेस क्रमांक ठाऊक नसे. म्हणून सर्व्हर आपला क्रमांक एका लहान फाइलमध्ये, म्हणजे पीआयडी फाइलमध्ये, लिहून ठेवी. सर्व्हर अचानक कोसळला तर ती फाइल तशीच मागे राही, कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या प्रोसेसला मिळे, आणि थांबवण्याची आज्ञा भलत्याच प्रोसेसवर जाण्याचा धोका निर्माण होई.

२०१० मध्ये जाहीर झालेल्या आणि २०११ च्या फेडोरा १५ मध्ये प्रथम डीफॉल्ट म्हणून आलेल्या, इनिटची जागा घेणाऱ्या सिस्टिमडीने या प्रश्नाचे उत्तर लिनक्स कर्नलच्या सीग्रुप या प्रोसेसांचे गट करणाऱ्या सुविधेत शोधले. सेवेने कितीही प्रती निर्माण केल्या, तरी त्या एकाच गटात राहतात व गट म्हणूनच संपवता येतात. सेवा तयार झाल्याचा निरोप तिने स्वतः द्यावा, अशीही सोय त्यात आहे. तो निरोप नसेल तर ‘सुरू’ या नोंदीवर फार विसंबू नये.

थांबवताना युनिक्स व लिनक्सवर प्रथम टर्म (क्रमांक १५) हा सिग्नल, म्हणजे प्रोसेसला दिलेली क्रमांकित सूचना, पाठवतात आणि मुदतीत प्रोसेस संपली नाही तर किल (९). किल अडवता येत नाही, त्यामुळे आवराआवरीला वाव उरत नाही. सिस्टिमडीत ही मुदत सामान्यतः ९० सेकंद असते. मात्र एकाच सिग्नलचा अर्थ सर्वत्र एक नसतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस टर्म मिळताच नव्या जोडण्या नाकारतो व चालू सत्रे आपोआप संपेपर्यंत थांबतो, तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टर्मने तातडीने बंद होतो आणि हातातील विनंत्या पुऱ्या करण्यासाठी त्याला क्विट हा सिग्नल द्यावा लागतो. डेटाबेसला थेट किल देणे हा उपाय शेवटचाच समजावा.

विंडोजमध्ये एनटी या आवृत्तीपासूनच्या परंपरेत सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर हा घटक हे काम पाहतो. इथे सिग्नल नसतात. सेवेने नोंदवून ठेवलेल्या फंक्शनला थांबण्याचा आदेश दिला जातो आणि ‘सुरू होत आहे’, ‘चालू’, ‘थांबत आहे’, ‘थांबलेली’ अशा अवस्था सेवेने स्वतः कळवायच्या असतात. नव्या प्रोसेसने साधारणतः ३० सेकंदांत मॅनेजरशी संपर्क साधला नाही, तर प्रारंभ फसला असे धरले जाते. त्यामुळे या करारानुसार न लिहिलेला साधा प्रोग्राम सेवा म्हणून थेट चालत नाही. ‘नेट स्टॉप’ ही आज्ञा सेवा थांबण्याची वाट पाहते, ‘एससी स्टॉप’ मात्र विनंती पोहोचवून लगेच परतते. स्क्रिप्ट लिहिताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

मॅकवर २००५ च्या १०.४ आवृत्तीपासून लाँचडी ही व्यवस्था आहे. सतत चालू ठेवण्याची सूचना असलेली सेवा नुसती थांबवली, तर लाँचडी ती पुन्हा सुरू करतो. म्हणून लाँचडीतील तिची नोंदच काढून टाकावी लागते.

कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला उरलेल्या यंत्रापासून अलग ठेवणाऱ्या कप्प्यात, सर्व्हर स्वतःच क्रमांक १ ची प्रोसेस होतो, आणि या क्रमांकाच्या प्रोसेसने टर्म हाताळण्याची तजवीज केली नसेल तर कर्नल तो सिग्नल तिच्यापर्यंत पोहोचू देत नाही. प्रोग्राम शेलमार्फत सुरू केला असल्यास टर्म शेलपाशीच अडकण्याची शक्यता असते, आणि डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची १० सेकंदांची मुदत सरल्यावर किल दिला जातो. शेलने आपली जागा ‘एक्झेक’ आज्ञेने सर्व्हरला दिल्यास टर्म थेट त्याला मिळतो. तो हाताळण्याची सोय मात्र सर्व्हरमध्येच असावी लागते.