नवीन सील टाकलं तरी ऑइल गळतंय? आधी शाफ्टवरून नख फिरवून बघा

नवतपा चालू होता, नागपुरात पारा ४५ च्या वर, आणि माझा मावसभाऊ महालातल्या आमच्या घरासमोर गाडी लावून फरशीवरचा काळा डाग दाखवत म्हणाला, "दादा, सील परवाच नवीन टाकलं ना, मंग ऑइल काहून गळून राहिलं?" दीडशे सीसीची साधी चेनवाली गाडी. गळत होतं ते पुढच्या छोट्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) मागून, गिअरबॉक्समधून जो शाफ्ट बाहेर येऊन चेन फिरवतो त्याच्याभोवती रबराचं ऑइल सील असतं तिथून. आठवड्यात दोनदा बदलून झालं होतं आणि मेकॅनिक आता तिसरं टाकायला निघाला होता.

आपल्याला वाटतं सील म्हणजे बाटलीचं बूच, घट्ट बसलं की काम झालं. पण शाफ्ट फिरत असतो तेव्हा रबराची धार लोखंडाला नीट टेकलेलीसुद्धा नसते, मधे ऑइलचा साधारण १ मायक्रॉन जाडीचा थर असतो (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो) आणि धार त्या थरावर चालते, थर नसेल तर रबर घासून जळून जाईल. मग ते ऑइल बाहेर का येत नाही? कारण धारेचे दोन उतार सारखे नसतात, ऑइलकडचा उभा आणि हवेकडचा पसरट, त्यामुळे शाफ्ट फिरला की रबरावरचे डोळ्याला न दिसणारे उंचवटे थरातलं ऑइल उलट आत ढकलत राहतात. म्हणजे हा एक छोटासा पंपच आहे! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. आणि म्हणूनच बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू आत, ऑइलकडे हवी, उलटं बसवलं तर पंपही उलटा चालतो.

पण गळतं नेमकं कुठून ते आधी ठरवा. स्प्रॉकेटचं कव्हर काढलं की आत चेनचं वंगण आणि धूळ मिळून काळा चिखल साचलेला असतो, त्यात काहीच कळत नाही. बाजूलाच गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील असतं, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग (रबराची गोल कडी) असते, सगळ्यांचं ऑइल शेवटी एकाच जागी खाली टपकतं. आम्ही सगळं रॉकेलनं धुतलं, पुसलं, वाळू दिलं, त्यावर साधी टाल्कम पावडर मारली आणि गाडी वर्धा रोडला फिरवून आणली. पावडरवर काळी रेघ उठली ती बरोबर शाफ्ट आणि सीलच्या मधून. (काही गाड्यांत शाफ्टवर एक कॉलर असतो आणि त्याच्या आत ओ-रिंग. ती गेली तर ऑइल सीलला वळसा घालून आतल्या खाचांतून येतं, मग सील कितीही बदला.)

गाडी थंड असताना थेंबही नव्हता, तापल्यावर सुरू. कारण ४० डिग्रीला जे ऑइल घट्टसर असतं ते १०० डिग्रीला बरंच पातळ होतं, आणि आपल्या उन्हाळ्यात इंजिनला थंड व्हायला संधीच कुठे मिळते. दुसरं म्हणजे आतला दाब. हे सील फार दाब सोसायला बनलेलं नसतं, ०.३ बारच्या पुढे त्याची पंचाईत होते, मागच्या टायरात २ बारच्या वर हवा असते म्हणजे बघा. ब्रीदरच्या नळीत, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीत, चिखल भरला, कुंभारमाशीनं घर केलं, किंवा ऑइल जास्त भरलं तर चांगलं सीलही हार मानतं. आमची नळी मोकळी निघाली. चेन मात्र ताणलेली होती, ती शाफ्टला सतत एका बाजूला ओढते आणि बेअरिंग खिळखिळं करते, मग धार एका बाजूनं उघडी पडते. ती आधी सैल केली.

सील काढलं आणि शाफ्टवरून नख फिरवलं. नख अडकलं. जुन्या सीलच्या धारेनं तिथे गोल चर पाडला होता. मऊ रबर कडक स्टील कापतं हे खोटं वाटतं, पण रबरात धूळ रुतून बसते आणि मग ते पॉलिश पेपरसारखं घासत राहतं, हजारो किलोमीटर. नवीन धार त्याच चरात जाऊन बसत होती, तिथे तिला दाब मिळेना आणि पंप चालेना. त्यात मागच्या वेळी सील शाफ्टच्या दातांवरून तसंच सरकवलेलं, धारेवर एक बारीक काप दिसत होता.

चर फारच खोल असेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवतात. आमच्याकडे बसायच्या जागेत थोडी जागा होती, म्हणून दातांवर टेप गुंडाळला, धारेला ग्रीस लावलं (कोरडं बसवलं तर पहिल्याच फेरीत धार भाजते) आणि सील १ मिमी बाहेर ठेवलं, म्हणजे धार चर सोडून चांगल्या जागेवर आली. परत पावडर मारली, मावसभाऊ रामटेकला जाऊन आला, कव्हर उघडलं तर पावडर पांढरीच.